गाठीचं नाव काय?

मागच्या अंकात या सदरात सकाळी उठल्याबरोबर होणारी डोकेदुखी आणि उलटी यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मी दोन रविवार बसून वाचली. सांगली, मिरज, तासगाव, जत, आटपाडी, वाळवा, शिवाय दोन-तीन फलटण-कोरेगावकडची. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक शब्द आहे : गाठ. मेंदूत गाठ निघाली, गाठ मोठी आहे, गाठ काढायची की राहू द्यायची. कुठली गाठ, हे मात्र एखाद-दुसऱ्याच पत्रात आहे. ‘गाठ’ हे निदान नव्हे. दारात कुणीतरी उभं आहे एवढंच त्यातून कळतं. सोयरा आहे की दरोडेखोर, ते नावगाव विचारल्याशिवाय कळत नाही. मेंदूच्या गाठींचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, आणि गाठीसारखं दिसणारं पण गाठ नसलेलं आणखी वेगळंच. म्हणून या वेळी ज्या पत्रांत हा प्रश्न मुळाशी आहे ती निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत, घरचे तपशील थोडे बदलले आहेत.

“माझा मुलगा १९ वर्षांचा, विट्याला डिप्लोमा करतो. दीड महिन्यापूर्वी पहाटे त्याला फिट आली. एमआरआयवर ‘१२ मिलिमीटरची रिंग’ असं लिहिलंय. एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे किडा म्हणतात, शेजारणीनं तर कॅन्सरच ठरवून टाकलाय. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मग डोक्यात किडा येईल कसा? टीबीचं औषध आणून ठेवलंय, सुरू करू का?” — एक आई, आटपाडी

ताई, ते औषध अजून सुरू करू नका. फिटची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. फिल्म बघितल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून हा कॅन्सर असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

रिंग म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारं छोटं उजळ कडं. या रिंगची एक गोष्ट आहे आणि ती मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. आपल्या देशात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू केला. पुढं सीटी स्कॅन आला, आणि फिट आलेल्या तरुण मुलांच्या मेंदूत अशी छोटी रिंग सापडायला लागली. आपल्याकडं टीबी फार, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की ही टीबीचीच गाठ. मुलांना महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली जायची. रिंग नाहीशी व्हायची, औषध लागू पडलं असं वाटायचं. वेलोरच्या डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी यातल्या काही रिंगा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. टीबी नव्हताच. तिथं होते मेलेल्या किंवा मरू घातलेल्या पट्टकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या, अळीचे अवशेष. १९८९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि देशभरातल्या हजारो पोरांची टीबीच्या औषधातून सुटका झाली. रिंग औषधामुळं जात नव्हती. किडा मेला की ती बहुधा आपोआप विरते.

आता माळकऱ्याच्या घरात किडा कसा, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. डुकराचं कच्चं-अर्धं शिजलेलं मांस खाल्लं तर पट्टकृमी पोटात वाढतो, डोक्यात नव्हे. डोक्यात जातो तो अंड्यांतून. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, सांडपाण्यावर पोसलेल्या भाजीवर बसतात, किंवा त्या माणसानं हात न धुता स्वयंपाक केला तर थेट ताटात येतात. कोबीच्या पानातली हिरवी अळी बिचारी निर्दोष आहे. मेथी-कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. मेसमध्ये जेवणाऱ्या पोरांना हे जास्त सांगायला हवं.

रिंग एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू मधल्या रेषेपासून सरकलेला नाही, डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं नाहीत, हातापायातली ताकद कमी-कमी होत नाही. एवढं सगळं जुळत असेल तर फिटची गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन, हा योग्य मार्ग आहे. अळीचं औषध, अल्बेंडाझोल, द्यायचं की नाही हे तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. ते दुकानातून आपल्या मनानं आणू नका, कारण अळी मरताना मेंदूला सूज येते आणि म्हणून सोबत स्टेरॉईड लागतं. रिंग वाढली, तर मात्र सुईनं तुकडा काढून बघावाच लागेल.

आणि एक. पुन्हा फिट आली तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा.

“आईचं वय ५८. सहा महिन्यांपासून डोकं दुखतं, आता डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं म्हणते. रिपोर्टमध्ये ‘मेनिन्जिओमा’ आहे, लिंबाएवढा. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मामा म्हणतात, सुरी लागली की गाठ खवळते आणि पसरते. आधी सहा महिने काढा देऊन बघू या का?” — एक मुलगा, वाळवा तालुका

या पत्रानं मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण सांगते.

मी नवी-नवी नोकरीला लागले होते. जतकडचं एक जोडपं एसटीनं आलं. बाई चाळिशीच्या आत-बाहेर, डोकेदुखी, मधूनमधून डोळ्यांपुढं अंधारी. बाहेर पन्नास माणसं रांगेत. मी फिल्म दिव्यावर लावली, बघितली आणि म्हटलं, “डोक्यात गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, उद्या घरच्यांना घेऊन या.” एवढंच. गाठ कुठली, साधी की वाईट, थांबलं तर काय होईल, यातलं एक अक्षर नाही. नवऱ्यानं फिल्म गुंडाळून पिशवीत घातली. त्याचे हात थरथरत होते, ते मला दिसत होते आणि तरी मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ते उद्या आले नाहीत. त्यांच्या गावात गाठ म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे संपलं. सात महिन्यांनी आले तेव्हा बाईंना दिवा लावला की विझवला एवढंच कळत होतं. गाठ मेनिन्जिओमाच होती. पूर्ण निघाली, डोकं दुखायचं थांबलं, दृष्टी परत आली नाही. अजून त्या तपासणीला येतात, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

तुमच्या आईच्या गाठीला नाव मिळालेलं आहे. मेनिन्जिओमा हे नाव अमेरिकेतले न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली दिलं. ही गाठ मेंदूची नसतेच; मेंदूवर जे आवरण असतं त्यातून ती उगवते आणि मेंदूला बाहेरून दाबत जाते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसते. गाठींच्या श्रेणी एक ते चार, चौथी सर्वांत वाईट. बहुसंख्य मेनिन्जिओमा पहिल्या श्रेणीचे, हळू वाढणारे, कॅन्सर नसलेले असतात. गाठ लहान असेल, काही त्रास नसेल, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडली असेल, तर मी स्वतः सांगते की ऑपरेशन नको, वर्षानं पुन्हा फोटो काढू. पण तुमच्या आईची दृष्टी धूसर होते आहे. डोक्यात दाब वाढला की डोळ्याची नस सुजते. गाठ नसेच्या वाटेवर असेल तर तिलाच दाबते. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की नस सुकते. सुकलेली नस आम्हाला काय, कुणालाच परत जिवंत करता येत नाही. डोळे तज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.

सुरी लागून गाठ पसरते, हा समज कुठून आला तेही मला माहीत आहे. पूर्वी माणसं इतक्या उशिरा यायची की उघडून बघितलं तेव्हाच रोग हाताबाहेर गेलेला असायचा. माणूस गेला की दोष सुरीच्या माथी. मामांना मजकडे घेऊन या, मी त्यांच्याशी बोलेन. ऑपरेशनमध्ये काय होतं ते त्यांना सांगा : डोक्याच्या कातडीवर चीर, खालच्या कवटीचा तुकडा दाराच्या फळीसारखा कापून बाजूला, सलाईनच्या ओल्या कपड्यात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गाठ आधी आतून पोखरायची, पोकळ करायची, आणि मग तिच्या भिंती मेंदूपासून हळूहळू सोलायच्या. मेंदूला ओढायचं नाही, गाठीला त्याच्यापासून दूर न्यायचं. यात पाच-सहा तास जातात. शेवटी हाड टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी परत जागेवर. धोका असतो, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित हातपाय कमजोर होणं. तो तुमच्या सर्जनला आईच्या गाठीच्या जागेपुरता नेमका विचारा. काढा देऊन थांबण्याचा धोका मात्र मी डोळ्यांनी बघितला आहे.

“अण्णांचं वय ६१, द्राक्षबाग आहे. ऑपरेशन झालं, रिपोर्ट ‘ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी ४’. आता रेडिएशन आणि गोळ्या सांगितल्यात. नेटवर १४ महिने वाचलं. खरं का? मुंबईला न्यावं का? अण्णांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नये असं वाटतं.” — दोघे भाऊ, तासगाव तालुका

मी तासगावचीच. बेदाण्याच्या शेडखाली वाळत घातलेल्या द्राक्षांच्या वासात वाढले. म्हणून अण्णा कोणत्या काळजीत असतील ते मला तुमच्या पत्राबाहेरही दिसतं.

आधी आकडा. ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा फार वेगानं वाढणारा कॅन्सर. १४ महिने हा आकडा खरा आहे, पण तो काय आहे हे समजून घ्या. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या कॅप्सूल. फक्त रेडिएशनवाल्यांचा जगण्याचा मधला आकडा १२.१ महिने, दोन्ही मिळालेल्यांचा १४.६. मधला म्हणजे काय? शंभर माणसं कमी जगलेल्यापासून जास्त जगलेल्यापर्यंत एका रांगेत उभी करा, मध्यावरच्या माणसाचा हा आकडा. निम्मे त्याच्या मागं, निम्मे पुढं. दोन वर्षांनी फक्त रेडिएशनवाल्या शंभरांतले १० हयात होते, दोन्हीवाल्या शंभरांतले २६. पाच वर्षांनी २ आणि जवळपास १०. अण्णा रांगेत कुठं उभे आहेत हे त्या रांगेवरून कळत नाही. काही अंशी कळतं ते त्यांच्या गाठीच्या तुकड्यावरून. त्यात एमजीएमटी नावाच्या जनुकाची तपासणी करता येते. हे जनुक कॅन्सरच्या पेशीला औषधानं झालेली मोडतोड दुरुस्त करायला मदत करतं. गाठीत ते बंद असेल तर कॅप्सूल जास्त चांगली लागू पडते. ही तपासणी झाली का, विचारा. आयडीएच नावाच्या दुसऱ्या जनुकाचंही विचारा.

ही गाठ पूर्ण बरी होत नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. पण तुमच्या हातात आहे तो वेळ कसा जाईल, यात उपचारांनी फार फरक पडतो.

रेडिएशनचे नेहमी ३० डोस, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. यंत्र आणि मापं तीच असतील तर मुंबईत आणि इथं किरण वेगळे नसतात. सहा आठवडे दादर-परळच्या लॉजवर अण्णांना ठेवण्यापेक्षा ते रोज दुपारी आपल्या अंगणात खाटेवर पडलेले असावेत, असं मला वाटतं. मिरज-कोल्हापूर पट्ट्यात ही सोय आहे. दुसरं मत हवं तर जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे, कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. कागद आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, घेऊन एक भाऊ जाऊन येऊ शकतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, उभं राहिलं ते यासाठीच, की माणूस मुंबईला न जाता उपचार त्याच धर्तीचा व्हावा.

डेक्सामेथासोन, ज्याला सगळे ‘डेक्सा’ म्हणतात, त्याबद्दल दोन शब्द. ही गोळी मेंदूची सूज उतरवते. एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो, बोलायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. मग कुणीतरी “स्टेरॉईड वाईट” म्हणून एकदम बंद करतं आणि चार दिवसांत अण्णा कोसळतात. कमी करायची ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पायऱ्यांनीच. साखर तपासत राहा, भूक वाढेल, रात्री झोप लागणार नाही, चिडचिड होईल. ती चिडचिड अण्णांची नाही, गोळीची आहे, हे सुनांनाही सांगून ठेवा.

राहिलं सांगायचं की नाही. दाराबाहेर मला अडवून “मॅडम, बाबांना काही बोलू नका” म्हणणारे मुलगे मी रोज बघते. त्यांच्या डोळ्यांतलं प्रेम मला कळतं. पण असेच एक बागायतदार होते. मुलांनी चार महिने लपवलं. एका संध्याकाळी राऊंडला त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, “ऑक्टोबरची छाटणी माझ्या हातनं हुईल का न्हाई, तेवढं सांगा.” मी म्हटलं, ऑक्टोबरची होईल बहुतेक, त्यापुढच्या एप्रिलचं मी सांगू शकत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग उशाखालची वही मागितली आणि लिहायला बसले : सोसायटीचं किती, बँकेचं किती, ट्रॅक्टरचे हप्ते किती राहिले, कुणाला उसने दिलेत, बोअरची मोटर कुठल्या दुकानात टाकली आहे. उजवा हात नीट चालत नव्हता, अक्षर वाकडं येत होतं, तरी दुसऱ्या कुणाला लिहू देईनात. यातलं निम्मं त्यांच्या मुलांना माहीतच नव्हतं. छाटणी त्यांनी बांधावर खुर्ची टाकून करवून घेतली.

मी अण्णांना आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे तुम्हा दोघांना आधीच सांगते. शक्य असेल तर तुम्ही दोघं तेव्हा शेजारी बसा.

“यजमानांचं ऑपरेशन ‘भूल न देता, जागं ठेवून’ करणार म्हणतात. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. ऐकूनच माझ्या अंगावर काटा येतो. हे कशासाठी?” — एक गृहिणी, सांगली

वहिनी, त्यांचा हिशेब शाबूत राहावा यासाठी. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कातडीला आणि आवरणाला कळते, ते भाग इंजेक्शननं बधिर करतात. कवटी उघडताना झोपेचं औषधही देतात, मग जागं करतात. पडद्याखाली भूलतज्ज्ञ त्यांच्या तोंडाशी बसून सतत बोलत असतात.

मागं एका मराठी शाळेतल्या निवृत्त गुरुजींचं असं केलं. गाठ डाव्या बाजूला, बोलणं आणि हिशेब यांच्या शेजारी. आम्ही त्यांना म्हटलं, सव्वाकी म्हणा. एवढ्या टोप्या-मास्कांच्या गर्दीत त्यांचा खणखणीत वर्गातला आवाज सुरू झाला : “सात सव्वे पावणेनऊ, आठ सव्वे दहा, नऊ सव्वे…” त्याच क्षणी मी एका जागी बारीकसा विजेचा स्पर्श दिला होता. गुरुजी थांबले. “नऊ सव्वे… नऊ सव्वे…” शब्द फुटत होते, आकडा येत नव्हता. मी स्पर्श काढला. “सव्वाअकरा!” त्या जागेवर आम्ही छोटा कागदी आकडा ठेवला आणि पुढचे दोन तास तिच्या आसपास हत्यार नेलं नाही. वालाच्या दाण्याएवढी गाठ तिथं मागं राहिली, ती मी मुद्दाम ठेवली. गुरुजी टाके काढायला आले तेव्हा त्यांनी अडीचकीसुद्धा म्हणून दाखवली.

विजेनं मेंदूचा नकाशा काढण्याची ही पद्धत माँट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३० नंतरच्या काळात पक्की केली. मध्येच छोटी फिट येऊ शकते. तेव्हा मेंदूवर बर्फासारखं गार द्रावण सोडतो, ती थांबते. आदल्या दिवशी यजमानांसोबत त्यांची खतावणी पाठवा. त्यांना रोज येतं तेच आम्ही विचारणार आहोत.

“मोबाईलमुळं ब्रेन ट्यूमर होतो का?” — सात पत्रं, विविध गावं

आजवरच्या पुराव्यावरून, नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं मोबाईलच्या लहरी ‘कदाचित कॅन्सरकारक’ या २ब गटात टाकल्या, तेव्हापासून ही भीती पसरली. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे, म्हणजे पुरावा किती पातळ असला तरी नाव तिथं जातं हे लक्षात येईल. २०२४ मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध आढळला नाही. मोटारसायकलवर मान वाकडी करून खांद्यात मोबाईल धरणाऱ्यांची डोकी मात्र मी आठवड्याला उघडते. हेल्मेट घाला.

“एवढा खर्च कुठून आणायचा?” — मिरज पूर्व भागातले एक वाचक

दाखल होण्याआधी, आधीच, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपीही बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड, दोन्हीवरची नावं एकसारखी आहेत का ते आजच घरी बघा. निम्मी प्रकरणं नावातल्या एका वेलांटीवर अडतात. पैसे भरून झाल्यावर योजना लावून द्या म्हणून आमच्याकडं येणाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत. शेत विकण्याआधी त्या खिडकीशी जा.

“माझ्या भावाचं (वय २७) ऑपरेशन झालं. ‘ॲस्ट्रोसायटोमा’ आहे म्हणाले. आता एका फॉर्मवर सही मागतात की उरलेली गाठ संशोधनासाठी ठेवू. आई म्हणते, माझ्या पोरावर प्रयोग नकोत. मी बी.एस्सी.ला आहे, मला ठरवता येईना.” — एक विद्यार्थिनी, पलूस

तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्याला मला सर्वांत जास्त जागा द्यायची होती. इतरांनी ती खाल्ली.

आईला सांग, यात भावावर काहीच होणार नाही. गाठ बाहेर आलेली आहे. तिचा तुकडा पॅथॉलॉजीत मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, साबणाच्या छोट्या वडीसारखा दिसतो. काही तुकडे खोल गोठवूनही ठेवतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूच्या ऊतींची बँक आहे. सही नाकारली तरी भावाच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती नंतर मागं घेता येते. फॉर्म मराठीत माग. समजेल अशा मराठीत.

अशा तुकड्यांचं पुढं काय होतं ते तुझ्या भावाच्याच गाठीवरून सांगते. ॲस्ट्रोसायटोमा म्हणजे मेंदूतल्या तारेसारख्या दिसणाऱ्या आधारपेशींची गाठ. २००८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी ग्लायोब्लास्टोमाच्या २२ गाठींमधली वीस हजारांवर जनुकं वाचून काढली. मोजक्या गाठींत आयडीएच-१ नावाच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं सापडलं, आणि ते रुग्ण बहुतेक तरुण होते, इतरांपेक्षा जास्त जगले होते. त्याआधी कॅन्सरशी या जनुकाचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढं कळलं की तरुणांमधल्या हळू वाढणाऱ्या बहुतेक ॲस्ट्रोसायटोमांत हाच बदल असतो. २०१६ मध्ये, आणि मग २०२१ मध्ये आणखी पक्केपणानं, जागतिक आरोग्य संघटनेनं या गाठींची नावं ठेवण्याची पद्धतच त्यावर बेतली. आता नुसतं ‘ॲस्ट्रोसायटोमा’ हे अर्धं नाव झालं. मग त्या बदललेल्या आयडीएचला अडवणारी गोळी आली, व्होरासिडेनिब. ३३१ रुग्णांवरच्या अभ्यासात गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मधला काळ औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीवर ११.१ महिने होता, या गोळीवर २७.७. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ही गोळी गाठ नाहीशी करत नाही, थोपवते. पण सत्तावीस वर्षांच्या मुलाचं रेडिएशन काही वर्षं पुढं ढकललं गेलं तर त्याची स्मरणशक्ती, नोकरी, लग्न, सगळ्यालाच तेवढा वेळ मिळतो. कुणाच्या तरी आईनं, बहिणीनं, बायकोनं आपल्या माणसाच्या गाठीचा तुकडा ठेवू दिला होता, म्हणून हे घडलं.

ऊती ठेवणं वेगळं आणि औषधाच्या चाचणीत भाग घेणं वेगळं, हेही आईला समजावून सांग. पुढं कधी चाचणीबद्दल कुणी विचारलं तर तिचा नोंदणी क्रमांक माग. आपल्याकडं २००७ पासून चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, आणि ती कुणालाही बघता येते. कुठल्या नैतिकता समितीनं परवानगी दिली, अपाय झाला तर उपचार कोण करणार, हे कागदावर असतं. आणि चाचणीच्या औषधासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठ आणि मला पत्र लिही.

आता काम. पॅथॉलॉजीत जाऊन तीन गोष्टी विचार : श्रेणी किती, आयडीएचचा रंग केला का, एटीआरएक्स या आणखी एका जनुकाचा केला का. आयडीएच-१ मधला नेहमीचा बदल साध्या रंगानं कळतो, काचेवर पेशी तपकिरी दिसतात. तिथं सोय नसेल तर ब्लॉक मागून घे. तो मागण्याचा भावाला हक्क आहे, पोच लिहून देतात. बाहेर तपासायला नेताना ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक एकच आहे ना, हे स्वतः बघ. कापसात गुंडाळून झाकणाच्या डबीत ठेव आणि डबी पर्समध्ये. गाडीच्या काचेपुढं उन्हात ठेवू नकोस, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तिथं मेण मऊ पडतं.